जागलीवरची वही

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो, आणि तो करायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे बसस्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान. तिथं विषयवार गठ्ठे तयार असतात. गांडूळखत, जलप्रदूषण, सापांच्या जाती, मधमाशी. पहिलं पान बदलायचं, आपलं नाव टाकायचं, स्पायरल मारायचं, झालं. वर्गातल्या बऱ्याच पोरांनी तेच केलं आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी जुलै ते डिसेंबर वावरात माणूस कमीच पडतो. पण प्राणिशास्त्राच्या सरांनी विषय विचारला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गुलाबी बोंडअळी."

"घरी कपाशी आहे?"

"पाच एकर."

"मग झेरॉक्सच्या दुकानात दिसू नको."

आमचं गाव हिंगणघाटपासून बसनं पाऊण तासावर. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडणारी. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मधेमधे तुरीचे तास, म्हणजे ओळी, उरलेल्या तुकड्यात सोयाबीन आणि त्यावर चणा. घरी आजी, आईबाबा, बहीण आणि मी.

मोबाईलवर हल्ली एक जमात झाली आहे, पहाटे पाचला उठा आणि आयुष्य बदला असं सांगणारी. आमच्या गावात सगळेच पाचला उठतात. शेण काढतात, पाणी भरतात, दूध डेअरीवर नेतात. कोणाचं आयुष्य त्यामुळे बदललेलं मी तरी पाहिलं नाही. सातची बस, दुपारी अडीच-तीनपर्यंत लेक्चर आणि प्रॅक्टिकल, परत आल्यावर अंधार पडेपर्यंत वावर. चण्याला पाणी द्यायच्या दिवसांत शेतीची लाइन रात्रीची असली तर मोटारीवर बसणं. एवढ्यात वाचन बसवायचं म्हणजे तुकड्यांनीच. बसमध्ये जागा मिळाली तर चार पानं, डेअरीच्या रांगेत एक, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पाणी उकळेपर्यंत अर्धं.

असं तुकड्यांचं वाचन मी आधीही करत होतो, पण संध्याकाळपर्यंत त्यातलं काही शिल्लक राहत नसे. या वेळी राहिलं. वेळ वाढला नव्हता, उलट कमी झाला होता. फरक एवढाच की प्रत्येक तुकडा एकाच ठिकाणी जाऊन पडत होता, आमच्या वावरात. आणि घरी एक माणूस असा होता जो रोज संध्याकाळी सरांपेक्षा अवघड प्रश्न विचारत होता.

कामगंध सापळे कृषी केंद्रात मिळतात. प्लास्टिकचं नरसाळं, वर छोटं छप्पर, खाली लांब पिशवी. छपराच्या आतल्या बाजूला ल्यूर अडकवायचा. ल्यूर म्हणजे रबराचं छोटं बूच, त्यात बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध भिजवलेला. नर त्या वासानं येतो, गोल गोल फिरतो, नरसाळ्यातून पिशवीत पडतो आणि त्याला परत वर येता येत नाही. नजर ठेवण्यापुरते एकरी दोन सापळे पुरतात. पेरणीनंतर दीड महिन्यानं, झाडाच्या शेंड्याच्या वीतभर वर टांगायचे आणि झाड वाढेल तसे वर सरकवायचे. ल्यूर हाताळताना बोटांना दुसरा वास नको. आमच्याकडे हे सांगायला सोपं, पाळायला कठीण. बाबांच्या तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा नसतो असा तास दिवसात एखादाच येतो. म्हणून ल्यूर बसवायचं काम बहिणीनं केलं, हात साबणानं धुऊन.

सगळ्या सापळ्यांत ल्यूर घातला, एक तसाच रिकामा टांगला. तो धुऱ्यावरून बाबांनी पाहिला.

"हे रिकामं काऊन टांगलं बे? पैसे जास्त झाले का?"

मी सांगायला लागलो. नर वासानंच येतो की सापळ्याचा पिवळा रंग बघून, वाऱ्यानं ढकलला जाऊन येतो, हे कळायला एक बिनवासाचा हवा. त्यात काही पडलं नाही तर बाकीच्यांत पडलं ते वासामुळे, असं म्हणता येतं. मी कंट्रोल हा शब्द कसा सांगावा याच्या तयारीत होतो, तोवर बाबा म्हणाले, "म्हणजे आपण नवं खत टाकतो तवा एक तास सोडून देतो ना, तसं."

तसंच. अगदी तसंच. बाबा दर वर्षी नवं काही वापरलं की मधला एक तास कोरा ठेवतात आणि दुकानदारानं कितीही सांगितलं तरी त्या तासाकडे बघितल्याशिवाय पुढच्या वर्षी ते घेत नाहीत. हे मी लहानपणापासून पाहत होतो. पुस्तकात प्रयोगाची रचना नावाचं जे प्रकरण आहे त्यातली निम्मी पानं मला त्या दिवसानंतर वाचायला लागली नाहीत.

ऑगस्टभर पिशव्या जवळजवळ रिकाम्या. एखादा करड्या रंगाचा, नखाएवढा पतंग, तोही ओळखू येईल की नाही अशा अवस्थेत. यंदा पाऊसही हटत नव्हता, आणि पावसाच्या रात्री पतंग उडत नाहीत. वहीत शून्य, शून्य, पाऊस, शून्य. सप्टेंबरात आईनं निंदण करताना पहिली डोमकळी दाखवली. अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्यानं बांधून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं राहतं. मी वाकून वाकून दोन शोधल्या. आईनं निंदता निंदता ओटीभर जमवल्या आणि चुलीत टाकल्या. तिच्या निंदणाच्या बाया बोलत बोलत, मान वर न करता, डोमकळी तोडत होत्या. मी त्या संख्येचा वेगळा रकाना केला आणि वरती 'आई' असं लिहिलं. सर नंतर म्हणाले तिथं निरीक्षक लिही. मी निरीक्षक: आई असं लिहिलं.

दिवाळीच्या सुट्ट्यांत जागल, म्हणजे वावराची रात्रीची राखण, माझ्याकडे आली. चणा उगवला होता, तूर फुलावर होती, आणि रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, यांना आपण कोणाच्या धुऱ्यात आहोत याचा काही हिशोब नसतो. मचाणावर घोंगडी, पत्र्याचा डबा, टॉर्च, काठी. रात्रभर अधूनमधून डबा वाजवायचा. मधल्या वेळात वाचायचं. आमच्या घरात सलग दोन तास वाचायला मिळणारी जागा शोधायला मला वीस वर्षं लागली आणि ती सापडली बाभळीवर.

पुस्तकात होतं की या पतंगांचं मीलन मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे होतं. मग बघायलाच हवं. बहुतेक कीटकांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून टॉर्चच्या काचेवर दिवाळीच्या आकाशकंदिलातला लाल जिलेटिन कागद बांधला. गमबूट घातले आणि उतरलो. पहिल्या रात्री काही दिसलं नाही. नंतर एकदा दिसलं. वारा पूर्वेकडून होता आणि पतंग पश्चिमेकडून आला, म्हणजे वाऱ्याच्या उलट. सरळ आला नाही, डावीकडे-उजवीकडे झोके घेत आला. वासाचा पट्टा सुटला की आडवा उडायचा, सापडला की पुढे. छपराखाली घिरट्या घालून एकदम खाली पडला. रिकाम्या सापळ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. वर मृग नक्षत्र डोक्यावर आलं होतं आणि तिकडे कुठेतरी डुकरं चण्यात शिरली होती, ते सकाळी कळलं.

त्या रात्रीनंतर केमिस्ट्रीचं एक पान माझ्यासाठी वेगळंच झालं. पहिल्या वर्षाला भौमितिक समघटक शिकवतात. कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असला की त्याच्या दोन बाजूंचे गट एकाच अंगाला असू शकतात किंवा विरुद्ध अंगांना. परीक्षेत दोन मार्कांना येतं. आम्ही आकृती काढतो आणि विसरतो. आता हा ल्यूर बघा. त्यातल्या गंधाचं नाव गॉसिप्ल्यूर. सोळा कार्बनची साखळी, एका टोकाला अॅसिटेट, सातव्या आणि अकराव्या कार्बनला दुहेरी बंध. सातव्या जागेवरचा बंध दोन्ही प्रकारांत सारखाच. अकराव्यावरचा मात्र अर्ध्या रेणूंमध्ये एका अंगाचा, अर्ध्यांमध्ये विरुद्ध अंगाचा. निम्मं निम्मं मिश्रण असलं की नर येतो. प्रमाण बिघडवलं की येणं घटतं. मादीच्या अंगातून निघणाऱ्या वासात हे प्रमाण आहे म्हणून ल्यूरमध्येही तेच ठेवावं लागतं.

हे शोधायला किती वेळ लागला ते बसमध्ये उभ्यानं वाचलं. कीटकांच्या अशा गंधाची पहिली रचना १९५९ मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी काढली, रेशीम पतंगाची. सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी कापून, वीसेक वर्षं काम करून, हाती काही मिलिग्रॅम. फेरोमोन हा शब्दही त्याच साली आला. आपल्या बोंडअळीच्या पतंगाचा गंध सापडल्याचं अमेरिकेत १९६६ मध्ये जाहीर झालं, प्रयोगशाळेत तो रेणू तयारही झाला, पण शेतात लावला तर नर येईनात. खरी रचना कळायला १९७३ उजाडलं. मला यातलं १९६६ जास्त आवडलं. छापून आलेली गोष्ट वावरात नेली आणि पतंगानं ती नाकारली. आमच्या पुस्तकांत फक्त १९७३ वाले राहतात, त्यामुळे विज्ञान फार सरळ रस्त्यानं चालतं असा पोरांचा समज होतो.

एका संध्याकाळी हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नर पकडून का होते? अंडे त मादी देते."

मी गप्प. पुस्तकात मास ट्रॅपिंग म्हणून दोन ओळी होत्या, एकरी आठ-दहा सापळे लावले की नर कमी होऊन मीलन घटतं. पण बाबांचा प्रश्न त्या दोन ओळींत मावत नव्हता. आम्ही अंगणात बसून हिशोब केला. समजा दहा नर, दहा माद्या. आठ नर पकडले. राहिले दोन. पण एक नर अनेक माद्यांशी जुळतो. म्हणजे त्या दोघांनाही बराच पल्ला गाठता येतो. बाबा म्हणाले, "गावात एक सांड असला तरी साऱ्या गाई फळते." म्हणजे नर पकडून अळी आटोक्यात आणायची तर जवळजवळ सगळेच पकडावे लागतील, आणि तेही सुरुवातीला, पतंग थोडे असताना. शिवाय शेजारच्या वावरातून जुळून आलेली मादी अंडी घालायला येतेच, तिला तर सापळा दिसतही नाही. आमच्या एकट्याच्या पाच एकरांत ते होणं नव्हतं. आमच्या सापळ्याचा खरा उपयोग मोजण्यापुरता. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, आणि असं सलग तीन रात्री, तर फवारणीचा विचार करायचा. त्याआधी नाही.

'त्याआधी नाही' हे पाच अक्षरी वाक्य आमच्याकडे महाग आहे. इकडे फवारणी कॅलेंडरवर होते, किंवा शेजाऱ्यानं केली म्हणून होते, किंवा दुकानदार म्हणाला म्हणून होते. २०१७ मध्ये बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली त्याच हंगामात, वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षी मी प्राथमिक शाळेत होतो. आईनं बाबांची फवारणीची बनियन चुलीवर वेगळ्या भांड्यात उकळलेली मला आठवते. एक फवारणी वाचली तर वाचते ती फक्त रक्कम नसते, म्हणून मला हा आठाचा आकडा फार मोलाचा वाटतो.

सापळा एवढंच सांगतो की पतंग आहेत. बोंडात अळी आहे का, ते बोंड फोडूनच कळतं. अळी लहान असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत जाते आणि ते भोक बुजतं. बाहेरून बोंड साबूत. आत ती सरकी खात राहते, आधी पांढरी, मोठी झाली की गुलाबी. म्हणून शिफारस अशी की वावरात फिरून इकडची तिकडची वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडायची. दोन किंवा जास्त किडकी निघाली तर फवारा.

हिरवं बोंड तोडणं. हे आमच्या घरात बोलण्याची सोय नव्हती. मी पहिलं बोंड तोडलं तेव्हा आजी धुऱ्यावर सरपण वेचत होती. तिनं बाबांना हाक मारली. बाबा आले.

"हिरवं बोंड काऊन तोडून रायला? डोकं ठिकाणावर हाय का?"

मी वही काढली. एका बोंडात साधारण ४ ग्रॅम कापूस. वीस बोंडांचा ८० ग्रॅम. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे वीस बोंडं साडेसहा रुपयांची. फवारणीचा एका एकराचा खर्च त्यांना माहीत होता, मजुरी धरून. बाबा आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विळ्यानं पहिलं बोंड स्वतः फोडलं. साफ निघालं. दुसरं साफ. पाचव्यात अळी. आजी म्हणाली, "सोन्यासारखं बोंड होतं रे बाप्पा." ते कीड लागलेलंच होतं हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

ऑक्टोबर संपता संपता सापळे भरायला लागले. नाल्याकडच्या सापळ्यात आधी, मग मधल्यांत. आठच्या पुढे सलग गेल्यावर आणि बोंडांनीही तेच सांगितल्यावर फवारणी केली, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं औषध, सकाळच्या वेळी, तोंडाला मास्क आणि हातमोजे बांधून. त्याआधी सप्टेंबरात निंबोळी अर्क झाला होता, बहिणीनं उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षीपेक्षा फवारे कमी झाले. अळी कमी झाली का? नाल्याकडे नाही झाली. तिथं कवडी, म्हणजे किडका कापूस बराच निघाला, आईनं तो वेगळ्या गाठोड्यात बांधला.

दरम्यान कॉलेजात मेंडेल, आनुवंशिकतेचे नियम शोधणारा, चालू होता. वाटाणे, उंच, बुटके, तीनास एक. मी मागच्या बाकावर होतो, आदल्या रात्रीची झोप डोळ्यांवर. आणि एकदम बोंड डोळ्यांपुढे आलं. आपण लावतो ते बीटी बियाणं संकरित. जिवाणूपासून घेतलेलं जनुक त्यात असतं, ते झाडाकडून एक प्रथिन तयार करून घेतं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोकं पाडतं आणि अळी मरते. पण संकरित झाडात त्या जनुकाची प्रत एकाच पालकाकडून आलेली असेल, तर त्याच झाडाच्या बोंडातल्या सरक्यांत मेंडेलची वाटणी होणार. एका जनुकापुरतं धरलं तर चार सरक्यांतल्या एकीत ते नसणार. म्हणजे बोंडाच्या आत बसून सरकी खाणाऱ्या अळीला विषारी आणि बिनविषारी सरक्या एकाच ताटात मिळतात. थोडं विष सोसणाऱ्या अळ्या मरत नाहीत, वाढतात. लेक्चर संपल्यावर सरांना विचारलं. ते म्हणाले, भारतात हे जाणकारांनी मांडलेलं आहे, कारण बाकी बहुतेक देशांत कपाशीचे सरळ वाण लावतात आणि आपल्याकडे संकरित. मला वाईट वाटलं नाही की ते आधीच कोणीतरी शोधलं होतं. मागच्या बाकावर, झोपेत, मी तिथपर्यंत पोचलो होतो.

त्या आठवड्यात पुढचं बरंच वाचलं. बीटीला भारतात परवानगी २००२ मध्ये, दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये. गुलाबी अळीनं पहिल्या प्रथिनाला दाद न देणं गुजरातेत दिसलं आणि मग २०१७ पर्यंत ते आपल्या दारात. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट यायचं, धुऱ्याच्या कडेनं लावायला, की त्यावर साध्या अळ्या जगाव्यात आणि सोशिक अळ्यांशी जुळून ती सोशिकता पातळ व्हावी. बाबांना विचारलं ते कुठे लावायचो आपण. "नांग्या भरायले," ते म्हणाले, म्हणजे जिथं बी उगवलं नाही त्या रिकाम्या जागांत. अख्ख्या गावानं तेच केलं होतं. मुद्दाम अळीसाठी पीक लावा असं सांगणारं कारण त्या पाकिटावर बारीक अक्षरात होतं आणि ते कोणी समजावून सांगायला आलं नव्हतं.

अमेरिकेनं आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. बीटी, गंधाचे सापळे आणि दोरे, शिवाय किरणांनी नपुंसक केलेले कोट्यवधी पतंग विमानातून सोडले. ते पतंग ओळखू यावेत म्हणून त्यांच्या खाण्यात लाल रंग घालत. ही गोष्ट मी वेचणीच्या वेळी बायांना सांगितली. सगळ्यांना विमान आवडलं. एकीनं विचारलं, त्यायच्यात शेजाऱ्याचं वावर नसते का?

दिवाळीनंतर वेचणी जोरात. किलोवर मजुरी, बाया मिळेनात, त्यामुळे रविवारी घरचे सगळे ओटी बांधून. वेचताना वाचता येत नाही, पण वाचलेलं डोक्यात फिरवता येतं. शिवाय हमीभावासाठी मोबाईलवर नोंदणी करायची होती आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची ती करायला मीच. सातबारा, आधार, पीकपेरा, फोटो. ओटीपी कोणाच्या तरी आजोबांच्या फोनवर यायचा आणि आजोबा वावरात. कापूस घेताना ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर घेत नाहीत. ते मोजणारं यंत्र कापसातून वीज किती अडते त्यावर ओलावा सांगतं, हे कळल्यावर मी कॉलेजच्या मल्टिमीटरनं घरी प्रयत्न करायच्या बेतात होतो, पण सेमिस्टर तोंडावर आली.

प्रोजेक्टची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, चांगली झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी वही चाळली, पावसाच्या शून्यांवर बोट ठेवलं, रिकाम्या सापळ्याबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, माद्या का येत नाहीत? ते सोपं होतं. बाबांचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी मनातून वाट बघत होतो.

डिसेंबरात खरा वाद झाला. पऱ्हाटीवर वरच्या फांद्यांना बोंडं होती, ओलही शिल्लक होती. शेजारचे काकाजी विहिरीचं पाणी देऊन फरदड ठेवणार होते, म्हणजे हंगाम संपला तरी तीच पऱ्हाटी उभी, फेब्रुवारीपर्यंत. बाबांच्याही मनात तेच. दोन-तीन क्विंटल कापूस कोण सोडतो? माझ्याकडे वाचलेलं होतं. थंडी वाढली की शेवटच्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपून राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन निघतात. उभी पऱ्हाटी म्हणजे त्यांची सोय. पण हे सांगून बाबा हलले नाहीत. ते उठले, वावरात गेले आणि स्वतः वीस हिरवी बोंडं तोडून आणली. पंचा जमिनीवर टाकून विळ्यानं फोडली. निम्म्याहून जास्त किडकी. "यातून कवडीच निघन," ते म्हणाले आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, कवडी वेचायला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरीत जाते. वाद तिथं मिटला. काकाजींची फरदड मात्र उभी राहिली, त्यांच्या घरी जानेवारीत लग्न होतं आणि पैसा हवा होता. त्यांच्याकडे नाल्याच्या बाजूला दोन सापळे लावून देतो म्हटलं, तर म्हणाले लाव, पण बोंडं तोडू नको.

पऱ्हाटी उपटायच्या आधी वावरात गाडरं, म्हणजे मेंढ्या, बसवायची ठरली. पानं, शिल्लक बोंडं, सगळं खातात, बोंडातल्या अळ्यांसकट, आणि लेंडीखत मिळतं ते वेगळं. मेंढपाळ सकाळीच आला. माझा दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचा पेपर, मी ओसरीत पुस्तक उघडून बसलो होतो. रात्रीचे किती, किती रात्री बसवायची, हे सगळं ठरलं. मग त्यानं विचारलं, "फवारा कवा मारला होता? मागच्या साली एका वावरात माही दोन गाडरं मेली."

बाबा आत आले, माझ्या दप्तरातून वही काढली, पानं उलटली आणि ओसरीच्या काठावर उभे राहून त्याला तारीख आणि औषधाचं नाव वाचून दाखवलं. मेंढपाळानं बोटांवर दिवस मोजले.

"मंग चालते," तो म्हणाला. "रात्रीचे अजून पन्नास कमी करा."